झाकणसाहेबांचा दुसरा अंक

९ जानेवारी

ताई,

नमस्कार नेहमीचाच, तक्रार मात्र खास.

काही अन्याय असे असतात की ते सोसून गप्प बसणं म्हणजे पुढच्या पिढ्यांशी बेइमानी. परवा तुझ्या मंडळाच्या नाटकाला तू मला जी खुर्ची दिलीस, ती खांबाच्या बरोब्बर मागे होती. थोडी उजवीकडे नाही, थोडी डावीकडे नाही. ओळंबा लावून ठेवल्यासारखी. परिणामी मी नाटकाची फक्त डावी बाजू पाहिली. नायिका बहुधा उजवीकडे राहत असावी, कारण तिची-माझी ओळख कोपरापुरतीच झाली. दुसऱ्या अंकात कुणीतरी मेलं, तेही उजवीकडेच. डावीकडची मंडळी रडायला लागली तेव्हा मला बातमी कळली. शेजारच्या बाईंना विचारलं, "कोण गेलं हो?" तर त्या म्हणाल्या, "शूऽऽ!" या नावाचं पात्र पत्रिकेत नव्हतं.

आता एक खरं सांगतो. बाहेर बोलू नकोस, माझा धंदा बसेल. ते डावं अर्धं नाटक मला आवडलं. मुलगा आईला सांगतो की मी घर सोडून चाललोय, आणि आई झालेली तू त्याचा शर्ट घडी करतेस, मोडतेस, पुन्हा तोच शर्ट घडी करतेस. माझ्या स्वयंपाकघराएवढं ते स्टेज, एक बल्ब बंद पडलेला, आणि माणसं श्वास घ्यायची विसरली होती.

पण पहिल्या रांगेत मेकअपच्या खोलीतला सोफा आणून ज्या गृहस्थांना बसवलंत, ते कोण? दुसऱ्या अंकात ते चक्क घोरत होते. ज्याला सगळं दिसतं त्याने डोळे मिटायचे, आणि ज्याचे डोळे उघडे त्याच्यापुढे खांब. शाब्बास!

तुझा,
टोच्या


१४ जानेवारी

प्रिय टोच्या,

लहानपणी कंपासने घरभर सगळ्यांना टोचायचास म्हणून हे नाव पडलं. आता पेनाने टोचतोस, आणि वर्तमानपत्रवाले दर रविवारी त्याचे पैसे देतात. आत्याचं म्हणणं खरं ठरलं: वाया गेला, पण कामाला आला.

खांबाबद्दल वाईट बोलू नकोस. मंडळात तक्रार न करता काम करणारा तो एकटाच सभासद आहे.

सोफ्यावरचे गृहस्थ म्हणजे झाकणसाहेब. बरण्यांची, बाटल्यांची, डब्यांची झाकणं बनवायचा त्यांचा मोठा कारखाना आहे. तुझ्या घरातलं औषधाच्या बाटलीचं जे झाकण तुला उघडता येत नाही, ते त्यांचंच. त्यांना आम्ही मुद्दाम बोलावलं होतं, आणि त्याचं कारण मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही, कारण तू हसला असतास.

आमची जागा जातेय. खाली नळ-पाइपांचं दुकान, वर आम्ही, हे इतकी वर्षं चाललं. आता जागामालकाला जिमवाला भेटलाय. एप्रिलपासून तो दुप्पट भाडं द्यायला तयार आहे. आम्ही तेवढंच देऊन पाच वर्षांचा करार केला तरच राहू, नाहीतर पडदे गुंडाळायचे. मला दुसरं काही नाही असं म्हणत नाही. घर आहे, नवरा आहे, मुलं मार्गी लागलीत. पण संध्याकाळ झाली की माझे पाय आपोआप त्या जिन्याकडे वळतात. तो जिना वजनं उचलणाऱ्यांचा झाला तर या पायांना कुठे न्यायचं, ते मला ठाऊक नाही.

झाकणसाहेब दोन फेब्रुवारीला मंडळात बोलणी करायला येणार आहेत. आणि इथे घोडं अडलंय. स्टेजवर मी भीक मागितलीय, खून केलाय, एकदा तर राज्य मागितलंय. पण खऱ्या माणसाकडे खरी मदत मागायची म्हटली की भलतंच बोलत बसते. मागच्या महिन्यात एका शाळेच्या बाईंकडे मदत मागायला गेले, आणि त्यांच्या सहलीला वर्गणी देऊन परत आले.

म्हणून आम्हाला जे येतं तेच करायचं ठरवलंय. तालीम! मागण्याचा प्रसंग नाटकासारखा बसवायचा. मागणारी मी, आणि देणारे झाकणसाहेब म्हणून आपले कुजबुजकाका. तेच रे, घड्याळं दुरुस्त करणारे, आमचे प्रॉम्प्टर. जन्मभर विंगेत स्टुलावर बसून इतरांना ओळी पुरवल्या, स्वतः कधी उजेडात आले नाहीत. मोठ्याने बोलायची सवयच गेलीय त्यांची. घरीसुद्धा मीठ कुजबुजत मागतात.

तर प्रसंग लिहून दे. दात्याला जरा मायेने लिही. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ताई,

सोबत प्रसंग पाठवतोय. मायेने लिहायचा फार प्रयत्न केला. पहिली ओळ जमली: "या, बसा." पुढे पेन ऐकेना.

अगं, दाते मी पुष्कळ पाहिलेत. दाता म्हणजे ज्याला आरशात दिसून समाधान होत नाही, त्याला भिंतीवरही दिसायचं असतं. एका वाचनालयात मी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर वेगवेगळ्या माणसाचं नाव वाचत वर गेलो, आणि वर पुस्तकंच नव्हती. त्यामुळे आपले झाकणसाहेब काय काय मागतील ते सगळं आधीच काकांच्या तोंडी घातलंय. एकदा तालमीत ऐकलंस की प्रत्यक्षात घाबरणार नाहीस.

नमुना बघ:

दाता: (पोट सावरत) पडद्यावर माझं नाव येईल ना?
ताई: येईल साहेब.
दाता: आणि पडदा वर गेला की?
ताई: मग दिसणार नाही.
दाता: मग तो वर कशाला न्यायचा? एका अर्थी पडदा म्हणजे झाकणच की हो! आणि झाकण उघडलं की माल नासतो.

हे वाचून मी स्वतःच हसलो. शेवटी तो "ठीक आहे, दिले" म्हणतो आणि पडदा पडतो. काकांना पोटाला उशी बांधा.

टोच्या


३ फेब्रुवारी

टोच्या,

बसून वाच.

काल झाकणसाहेब यायच्या आधी शेवटची रंगीत तालीम करायची म्हणून आम्ही लवकर जमलो. काकांनी उशी बांधली होती, गळ्यात बरणीचं झाकण दोरीने पदकासारखं लटकवलं होतं. आणि काय सांगू, तो माणूस कुजबुजला नाही रे! छातीतून आवाज काढला. झाकणसाहेबांसारखं आधी खोकून मग बोलणं, खुर्चीच्या टोकावर बसणं, सगळं हुबेहूब. जन्मभर विंगेतून माणसं पाहिलेला डोळा तो. मला मागणं सुचेना इतकं हसू येत होतं. "झाकण उघडलं की माल नासतो" ही ओळ त्यांनी अशी टाकली की मी टेबलावर डोकंच ठेवलं.

तेवढ्यात अंधारातून कुणीतरी खोकलं.

मला वाटलं, काकाच. पण काकांचं तोंड बंद होतं.

खांबामागच्या खुर्चीतून झाकणसाहेब उठले. धंद्यातला माणूस, कुठलीही जागा घ्यायची-द्यायची तर मागच्या दाराने आधी येऊन बघायची त्यांची सवय. मागच्या जिन्याने आले, आम्ही रंगात आलेलो दिसलो म्हणून बसले. केव्हापासून, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

ते म्हणाले, "मग? पुढे काय होतं?"

मी म्हटलं, "पुढे... पुढे तुम्ही हो म्हणता."

"आणि त्याच्या पुढे?"

"तिथे पडदा पडतो, साहेब."

"अस्सं." मग काकांकडे वळले. "हे कुणी लिहिलं?"

काका पोटावरची उशी दोन्ही हातांनी धरून उभे होते, आजारी मूल धरावं तशी. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण पुन्हा मूळ आवाजात, कुजबुजत. मला ऐकू आलं नाही. झाकणसाहेबांनी मान हलवली, "येतो" म्हणाले आणि ज्या जिन्याने आले त्याच जिन्याने गेले. सोफा पुसून ठेवला होता, त्याच्याकडे बघितलंही नाही.

काका आज मंडळात आले नाहीत. दुकानही बंद आहे.

मी तुला काही बोलत नाहीये, कारण उशी बांधायला मीही तयार झाले होते. पण कृपा करून झाकणसाहेबांना माफीचं पत्र धाडू नकोस. तुझ्या लेखापेक्षा तुझी माफी जास्त बोचते, हा घरातल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

ताई


७ फेब्रुवारी

ताई,

माफीचं पत्र लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, फाडलं. दुसऱ्या मसुद्यात तिसऱ्याच ओळीला विनोद आला, तोही फाडला.

पण माझ्याआधी त्यांचंच पत्र आलं. कारखान्याच्या शिपायाने हातात दिलं. अर्धा दिवस टेबलावर तसंच पडलं होतं. मला वाटलं, वकिलाची नोटीस. ते जसंच्या तसं उतरवून पाठवतोय. यावर माझं काही म्हणणं नाही. ही घटना माझ्या आयुष्यात विरळा आहे, याची नोंद घे.

टोच्या


(सोबत)

६ फेब्रुवारी

महोदय,

रविवारी मी तुमचं सदर वाचतो. तुमच्या लेखातला प्रत्येक मूर्ख माणूस "एका अर्थी" म्हणून बोलायला सुरुवात करतो. परवा स्टेजवर मीही तसंच म्हणालो, तेव्हा लेखक कोण ते कळलं. तुमच्या काकांनी मला सांगितलं की हे कुणी लिहिलेलं नाही, तेच मनाने बोलत होते, चूक फक्त त्यांची आहे. इतका चांगला नट आणि इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस एकाच देहात मी प्रथमच पाहिला.

तुमच्या लिखाणात काही दुरुस्त्या आहेत.

पोट बरोबर आहे. खोकला बरोबर आहे. नावाचं चुकलंय. तुम्ही धंदा नीट पाहिला नाहीत. नाव बाटलीवर असतं. झाकणावर कुणाचं लक्ष नसतं. झाकण बघून आजवर कुणी बाटली विकत घेतलेली नाही. आत जे आहे ते टिकावं, एवढंच आमचं काम. ते वडिलांनी केलं, मी करतो. नावाची हौस असती तर बाटल्या काढल्या असत्या.

मी नाटकात झोपलो, हे खरं आहे. कारखान्यात मी पहाटेपासून असतो, आणि तिथे पुढे काय होणार याची जबाबदारी माझी असते. तुमच्या ताईंच्या नाटकात ती दुसऱ्या कुणाची तरी होती. फार दिवसांनी शांत झोप लागली. पण त्यांनी शर्टाची घडी घातली तेव्हा मी जागा होतो. माझा मुलगा गेला, परदेशी, तेव्हा त्याच्या आईने असंच काहीसं केलं होतं. तेव्हा मी ते पाहिलं नव्हतं. स्टेजवर पाहिलं.

तर व्यवहार असा. जागेचा पाच वर्षांचा करार मी करून देतो. विजेचं बिल, गळणारं छप्पर आणि झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार मी बघीन. महोत्सवांना आणि पुरस्कारांना द्यायला खूप लोक आहेत. विजेच्या बिलाचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते कुणी देत नाही.

अटी: माझं नाव कुठेही नको, आभारातही नको. मला सोफ्यावर बसवू नये. सोफ्यावर झोपलेला माणूस सगळ्यांना दिसतो. खांबामागची खुर्ची द्यावी.

आणि तुमचं नाटक अपुरं आहे. दाता हो म्हणाला की तुम्ही पडदा पाडता. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं काम तिथे सुरू होतं. दुसरा अंक तुम्ही लिहायचा. मुख्य भूमिका त्याच काकांनी करायची. दुसऱ्या कुणी माझा खोकला काढलेला चालणार नाही.

आपला,
(सही वाचता येत नाही)


१८ फेब्रुवारी

टोच्या,

करार झाला! जागामालक आधी जिमवाल्याचं नाव घेऊन भाव खात होता. झाकणसाहेब समोर बसले, खोकले, आणि गप्प बसून राहिले. जागामालकच बोलत गेला, आणि बोलता बोलता भाडं आपणच खाली आणत गेला. शेवटी साहेब म्हणाले, "आता थांबा, तुमचं नुकसान होईल." असा माणूस मी पाहिला नाही रे. बाहेर आल्यावर मी रडायला लागले, तर म्हणाले, "ताई, छपरासाठी माणूस उद्या येईल. रडायचं असेल तर जरा बाजूला रडा, शिडी तिथेच लागणार आहे."

जिमवाल्याला कसलाच राग नाही. त्याने पुढचा प्रयोग कधी आहे विचारलंय.

पण कुजबुजकाका ऐकत नाहीत. मी दुकानात गेले होते. डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसलेले. म्हणाले, "ताई, मी एकदा उजेडात आलो आणि मंडळ बुडता बुडता वाचलं. आता नको." मी म्हटलं, "अहो, वाचलं ते तुमच्यामुळेच!" तर म्हणतात, "बरं. मग विंगेत कोण बसेल? तुम्ही सगळे चौथ्या वाक्याला अडखळता."

तुझा दोष त्यांनी का घेतला, तेही विचारलं. म्हणाले, "प्रॉम्प्टरचं काम काय? दुसऱ्याची ओळ आपल्या तोंडाने बोलायची." आणि पुन्हा घड्याळात डोकं.

तू लिहायला लाग. मी त्यांना उजेडात आणते. विंगेत त्यांच्या सुनेला बसवते. तिचा आवाजही बेताचाच आहे.

ताई


२ एप्रिल

ताई,

उशीर झाला, कारण मला दुसरा अंक येत नव्हता. देणाऱ्याची टिंगल मला झोपेतही लिहिता येते. दिल्यानंतर काय होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून तुला न सांगता मंडळात जाऊन बसलो, सकाळी, खांबामागे. छपरावर माणसं ठोकत होती. खाली स्टेजवर आधी गाण्याचा वर्ग भरला. एक सात-आठ वर्षांची मुलगी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होती, आणि दर वेळी तो थोडासा कमी पडत होता. बाई म्हणाल्या, "घाई नाही, जागा आपली आहे." मग दुपारी निवृत्त माणसांचं वाचन. एक आजोबा आपली कविता वाचायला उभे राहिले, चष्मा सापडेना, तर सगळ्यांनी आपापला चष्मा काढून पुढे केला. त्यांनी एकेक लावून पाहिला. चौथा बसला. कविता वाईट होती. टाळ्या खऱ्या होत्या. सदराचा मसाला म्हणून टिपायला वही काढली होती. ती तशीच बंद करून खिशात घातली.

या सगळ्यावर एक दिवा जळत होता, आणि त्याचं बिल कुणीतरी भरलं होतं. इतकंच. दुसरा अंक तिथेच मिळाला. त्यात दाता रोज मंडळात येतो, काहीच मागत नाही, आणि लोकांना शेवटपर्यंत संशय असतो की हा काहीतरी मागणार. हसू येईल. "एका अर्थी" एकदाही नाही.

टोच्या


१२ मे

टोच्या,

काल तू आला नाहीस!

स्वतःचं नाटक, आणि स्वतःच गैरहजर! पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवली होती, खांबापासून लांब, तुझ्या इतिहासाचा मान राखून. रिकामी राहिली. शेवटी जिमवाला बसला तिथे. मी स्टेजवरून तीनदा बघितलं. एकदा तर त्या नादात चौथ्या वाक्याला अडखळले.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काकांनी काय काम केलं! झाकणसाहेब खांबामागे होते. पहिल्या अंकात झोपले आणि दुसऱ्यात अजिबात झोपले नाहीत, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं. मग म्हणाले, "लेखकाला सांगा, दुरुस्ती नाही." तू असतास तर ऐकलं असतंस. काही लाज?

ताई


१५ मे

ताई,

मी होतो.

चौथ्या वाक्याला तू अडखळलीस तेव्हा "त्या दिवशी तुम्ही" हे शब्द तुला विंगेतून आले. ते काकांच्या सुनेचे नव्हते. तिच्याशी आधी बोलून ठेवलं होतं. मी म्हटलं, तुम्ही समोर जाऊन बसा, सासऱ्यांना उजेडात बघा. ती म्हणाली, "तुम्हाला कुजबुजता येतं?" घरात कुणी असा प्रश्न मला आजवर विचारला नव्हता. दोन दिवस तिच्याकडून शिकलो. आवाज पोहोचायला हवा, पण माणूस पोहोचता कामा नये. माझ्या धंद्याच्या नेमकं उलट.

विंगेतून नाटक कसं दिसतं, ठाऊक आहे? तिरकं. लोकांचे चेहरे दिसत नाहीत, नटांची पाठ आणि घाम दिसतो. टाळ्या वाजतात त्या आपल्याला नसतात, हे तिथे बसल्यावर फार लवकर कळतं, आणि त्याचं वाईट वाटत नाही, हे जरा उशिरा.

काकांना माझी गरजच नव्हती. संहिता त्यांना माझ्यापेक्षा पाठ होती. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बसलो होतो आणि ते न चुकता पुढे जात होते. शेवटच्या प्रवेशात मात्र, जिथे दाता एकटाच रिकाम्या स्टेजवर उभा असतो, तिथे ते थांबले. पुढची ओळ येईना. त्यांनी हळूच विंगेकडे मान वळवली, मी दिसलो, आणि मी तिथे असल्याचं त्यांना जराही नवल वाटलं नाही. विसरलेल्या माणसाचे डोळे तसे नसतात, ताई. मी घड्याळजी नाही, पण मुद्दाम थांबवलेलं घड्याळ मलाही कळतं. बाकी सगळ्यांना वाटलं असेल, काय सुंदर विराम घेतला.

मी ओळ दिली: "दिवा राहू दे, कुणीतरी येईल."

त्यांनी ती घेतली आणि मोठ्याने म्हटली.

पडदा पडल्यावर स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि मागच्या जिन्याने घरी आलो.

टोच्या